दहा पायांचा कंद

“ह्ये सरकारी सायब भरतीक येतत, पाणी बघतत आणि जातत. पाणीच बघूचा होता तर बावडेर जावचा. हय चिखलात कित्याक इले?”

जानकीने हे शेजारच्या नर्मदेच्या कानात म्हटलं होतं. पण जानकीचं कानातलं बोलणं पलीकडच्या काठावरच्या तरीपर्यंत पोचायचं, आणि साहेब तर हातभर अंतरावर, विजारीचे पाय दुमडून, गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी मान वळवून शिपाई गणपतला विचारलं, “काय म्हणताहेत या बाई?”

“म्हणतात, साहेबांचे पाय खाडीला लागले, गावाचं भाग्य उजळलं.”

गणपत वालावलचा. मालवणी त्याची घरची आणि मराठी कचेरीची. या दोहोंच्या मधे जी खाडी आहे तिच्यावरचा तो सरकारी पूल होता. म्हणजे एका टोकाला चढलेलं माणूस दुसऱ्या टोकाला तेच उतरेल याची खात्री नाही. साहेबांनी समाधानाने मान हलवली आणि वहीत लिहिलं, ‘पाणी : विपुल.’ कांदळवाडीच्या खाडीतील सागरी प्राणिजीवनाच्या सर्वेक्षणाला याप्रमाणे प्रारंभ झाला. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, महिना वैशाख.

कांदळवाडी तोंडवलीच्या अलीकडे. तिथली खाडी काही मोठी नाही, पण आहे ती आपली आहे. भाईंनी सरकारला अर्ज केला होता की, या खाडीच्या तोंडावर बंधारा घालावा, खारं पाणी बाहेर अडवावं, म्हणजे आतली खाजण जमीन भातपिकाखाली येऊन राष्ट्राची अन्नटंचाई दूर होईल. भाई म्हणजे गावचे गावकर. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. खाजण जमीनही त्यांचीच, हा योगायोग. भाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायची सोय नव्हती.

सरकारने अर्ज वाचला आणि सरकारला शोभेल असा निर्णय दिला. खाडीत उल्लेखनीय प्राणिजीवन असेल तर खाडी मोकळी ठेवावी. नसेल तर बांधावी. उल्लेखनीय म्हणजे काय, याचाही खुलासा सोबतच्या परिपत्रकात होता : ज्याचा अहवालात उल्लेख झाला आहे ते.

आता जानकीचं सांगायला हवं, कारण एरवी तिचं कुणी सांगणार नाही. जानकीचा घोव मुंबईला गोदीत होता. गणपतीला त्याचं पत्र यायचं, शिमग्याला तो स्वतः यायचा, आणि मधल्या काळात त्याची आठवण यायची. जेवण मात्र खाडीतून यायचं. ओहोटीला जानकी चिखलात वाकून शिंपल्यांतल्या तिसऱ्या वेचायची, खडकावरची कालवं कोयतीने फोडायची, बिळात हात घालून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, ओढायची, आणि टोपली डोक्यावर घेऊन दारोदार विकायची. “माजा शेत ह्याच,” ती म्हणायची, “पेरूचा लागणा नाय, फकत वाकूचा लागता.” बंधारा झाला की हे शेत गोड्या पाण्यात मरणार होतं. म्हणून या सर्वेक्षणाची सगळ्या गावात खरी काळजी तिला एकटीला होती. तिने आपली पडवी साहेबांच्या कचेरीसाठी मोकळी करून दिली, आणि साहेबांचं दोन वेळचं रांधायचंही पत्करलं. खाडी मोजायला आलेला माणूस उपाशी राहिला तर मोजणार काय, असा तिचा सरळ हिशेब.

साहेबांचं नाव अभ्यंकर. वय तरुण, मनगट काडीसारखं, राहणार पुण्याचे आणि जन्मापासून शाकाहारी. मासळी मोजायला शाकाहारी माणूस का, असा प्रश्न अडाणी लोकांना पडेल. खात्याने तो पूर्ण विचारांती सोडवला होता. याआधीच्या सर्वेक्षणांत अधिकारी आणि नमुने यांच्यात नको इतका जिव्हाळा उत्पन्न होऊन नमुने कचेरीपर्यंत पोचले नव्हते. तेव्हापासून या शाखेत शिपायापासून वरपर्यंत शाकाहारीच नेमावेत, म्हणजे हितसंबंध उरणार नाहीत, असं ठरलं. गणपतनेही नेमणुकीच्या वेळी तसं लिहून दिलं होतं. त्याने लिहून काय दिलं हे त्याला माहीत होतं. पण नोकरी कायम होती.

पहिल्या दिवशी भाईंनी खाडीच्या काठी नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे नांगर धरायचा असो, होडी लोटायची असो की पोराला मुंबईला धाडायचं असो, गाऱ्हाण्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गावकर देवाला सांगतो आणि मागे उभा असलेला गाव प्रत्येक वाक्याला होकार भरतो. काय सांगितलं ते ऐकायची गरज नसते. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही जी काय सरकारची मोजणी आमच्या खाडीर इली आसा…”

“व्हय म्हाराजा!”

“तिच्यात काय वाकडा-तिकडा आसात ता दूर कर, आणि सायबांच्या फायलीक वाट गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अभ्यंकर साहेब भारावून गेले. एवढं एकमत त्यांनी खात्यात कधी पाहिलं नव्हतं.

अडचण आली ती समुद्राकडून. कचेरीची वेळ साडेदहा ते साडेपाच. समुद्राची वेळ चंद्र ठरवतो, आणि चंद्र कुठल्याच खात्याच्या नियंत्रणाखाली नाही. खाडीचा तळ उघडा पडतो तो अवस-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला, आणि ती आमच्याकडे नेमकी पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला येते. दुपारची ओहोटी अष्टमीच्या आसपासची. ती नुसती नावाची, पाणी जरासं मागे सरून पुन्हा विचार बदलतं. साहेबांनी वर लिहिलं की, ओहोटी कार्यालयीन वेळेत होत नसल्याने अडचण येत आहे. वरून उत्तर आलं की, प्रकरण या खात्याच्या कक्षेत नाही, तरी स्थानिक पातळीवर समजुतीने मिटवावं. साहेब समजुतीने रोज साडेदहाला भरतीत जाऊन उभे राहू लागले.

जानकीला हे बघवेना. ती पहाटेच्या ओहोटीला जाऊन टोपली भरून आणी आणि पडवीत साहेबांच्या टेबलाशी ठेवी. कुर्ल्या, सुंगटं म्हणजे कोळंबी, तिसऱ्या, कालवं.

“ही घेवा. मोजा.”

साहेब खुर्ची मागे सरकवत म्हणायचे, “काकी, असं मोजता येत नाही. नमुना आधी स्पिरिटमध्ये ठेवावा लागतो. स्पिरिटमध्ये नाही म्हणजे नमुना नाही, आणि नमुना नाही म्हणजे नोंद नाही.”

“मगे ठेवा स्पिरिटात.”

“स्पिरिट नाही.”

स्पिरिट नव्हतं, कारण दारूबंदी होती. परवान्यासाठी अर्ज गेला, तेव्हा तपासणी कारकुनाने विचारलं की, हे स्पिरिट कोण घेणार? साहेबांनी सत्य तेच लिहिलं : मासे. त्यावर विचारणा झाली की, संबंधित मासे व्यसनाधीन आहेत काय, असल्यास तसा डॉक्टरचा दाखला जोडावा. साहेबांनी कळवलं की, मासे मेलेले आहेत. त्यावर अर्ज निकाली निघाला. मयताच्या नावे परवाना देण्याची तरतूद नाही.

तोवर पडवीत टोपल्या साठल्या. वैशाखातलं ऊन, माश्या घोंघावू लागल्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावून लेखी आदेश काढला : ‘सरकारी नमुने वाया जाणार नाहीत अशा प्रकारे त्यांची तात्काळ योग्य ती व्यवस्था लावावी.’

गणपतने आदेश वाचून दाखवला. जानकीने पदर खोचला आणि व्यवस्था लावली.

कांदा तेलावर परतायचा, त्याला घाम फुटेपर्यंत. मग घरचा मसाला, तांबडा, कुटलेला, ज्याचा वास आधी डोळ्यांना कळतो. मग तिसऱ्या, शिंपीचं एकच अंग ठेवून. मीठ जपून, कारण खाडीचं मीठ आत असतंच. वर मूठभर ओलं खोबरं, दोन आंबट सोलं, आणि झाकणावर पाणी ठेवून एक वाफ. वाचकांपैकी कुणी शाकाहारी असल्यास त्यांनी हा परिच्छेद भाजीचा समजून वाचावा. तसाच तो पुढे वाचण्यात आला.

कारण त्या दिवशी वास चुलीकडून निघाला, माजघर ओलांडून पडवीत आला आणि साहेबांच्या टेबलाशी उभा राहिला. साहेबांच्या पानात भात होता, कुळथाची पिठी होती आणि पापड होता. काल हेच होतं, परवाही हेच होतं. आतल्या बाजूला गणपत भिंतीकडे तोंड करून जेवत होता आणि त्याचे कान हलत होते.

“काकी,” साहेब म्हणाले, “त्या टोपात काय आहे?”

गणपतचा घास थांबला. जानकीने टोपाकडे पाहिलं, मग साहेबांच्या मनगटाकडे. शेवटी गणपत म्हणाला, “भाजी, साहेब.”

“कसली?”

“खाडीतली.”

“म्हणजे… उगवते?”

“चिखलातच असते साहेब. उपटून काढावी लागते.”

साहेबांनी पापड बाजूला सारला. “मग वाढा थोडी,” ते म्हणाले.

त्यांनी पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसऱ्याला उघडले. शिंपी पानाच्या कडेला ठेवताना ते हळूच म्हणाले, “साल जरा जाड आहे.” जानकीला कळलं होतं की त्यांना कळलंय. त्यांनाही कळलं होतं की तिला कळलंय. पण माणूस महिनाभरानंतर पोटभर जेवत होता; अशा वेळी खरं बोलणं हे पानात राख टाकल्यासारखं झालं असतं. ती म्हणाली, “सावकाश जेव रे बाबा, अजून आसा,” आणि पळीभर वाढलं.

इथेच थांबलं असतं तर ही एक साधी गोष्ट झाली असती. पण अभ्यंकर साहेब प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणूस एकदा खोटं बोलला की ते नीट पद्धतशीर बोलतो. जी वस्तू आपण भाजी म्हणून खाल्ली तिची नोंद प्राणी म्हणून करणं ही सरकारची फसवणूक झाली असती. तेव्हा त्यांनी अहवालाला एक पुरवणी जोडली : ‘खाडीतील वनस्पती.’ नावं गणपतने पुरवली. तिसऱ्यांना शिंपशेंग, सुंगटांना मिशाळ शेंग, कालवांना खडकफूल. आणि कुर्लीखाली साहेबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं : ‘दहा पायांचा कंद. चिखलात बीळ करून उगवतो. काढणीच्या वेळी चावतो. शिजल्यावर तांबडा होतो. चव : उत्तम.’

आषाढ गेला, श्रावण आला. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद. गावभर दोडकी, पडवळ आणि उसासे. अशात एका सकाळी भाई जानकीच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि उगाच पोफळीकडे बघत म्हणाले, “जानके, त्या सरकारी भाजयेचा काय ता खरा? सायबान लिवान दिल्यान म्हणतत.”

“लिवल्यानी हा खरा.”

“सरकारान भाजी म्हटल्यान तर आपण कोण नाय म्हणणारे?” भाईंनी माळ सदऱ्याच्या आत सारली. “पाठय तर थोडी. रांदून पाठय. आमच्या घरात ती रांदूची कशी ता म्हायत नाय.”

भाईंच्या घरात तीन पिढ्या दुसरं काही रांधलं नव्हतं. पण जानकीने पाठवली. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर भाईंनी निर्वाळा दिला की, सरकारमान्य वनस्पती श्रावणात चालते. “व्हय म्हाराजा,” म्हणाला गाव, आणि त्या दिवशी जानकीची टोपली पहिल्या वळणापलीकडे गेलीच नाही. मग प्रश्न निघाला सोमवारचा. तोही सुटला, कंद उपासाला चालतातच, त्यात दहा पाय असू नयेत असं पोथीत कुठे म्हटलेलं नाही. नर्मदेने आपल्या सोळा सोमवारांपैकी एक कुर्लीवर सोडला. “कंद बरो होतो गो,” तिने जानकीला सांगितलं, “पण चावलो माका!”

आणि जानकीनेही, हे लपवण्यात अर्थ नाही, “भाजी घेवा गो, खाडीची भाजी!” अशी हाळी घातली. श्रावणात एवढी विक्री तिच्या जन्मात झाली नव्हती. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी काही सांगत नव्हतं, आणि सगळ्यांचीच जेवणं बरी होत होती. गावात इतका सलोखा पुन्हा कधी झाला नाही.

अहवाल वर गेला. प्राणी : निरंक. वनस्पती : अकरा पानं, चवीच्या रकान्यासह.

कार्तिकात उत्तर आलं. गणपत ते कागद नाचवतच घेऊन आला आणि चुलीपुढे बसलेल्या जानकीला वाचून दाखवू लागला. वरचे उपसंचालक अतिशय प्रसन्न झाले होते. न पेरता, न नांगरता, मिठाच्या पाण्यात जर एवढ्या भाज्या येत असतील, तर तीच जमीन बांधून घेऊन गोडं पाणी दिल्यावर त्या किती येतील! प्राणी नसल्याने कुणाची हरकत असण्याचं कारण उरलं नव्हतं. बंधारा मंजूर. उपसंचालक स्वतः येऊन, स्थानिक भाज्यांचं भोजन घेऊन, गावासमोर निष्कर्ष वाचून सही करणार होते.

“काकी, तुझ्या हातची भाजी थेट वर पोचली गो!” गणपत म्हणाला.

जानकीच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. “बंधारो?” ती म्हणाली. “भाजी म्हटल्यानी म्हणान बंधारो?”

ती उठली आणि पडवीत गेली. साहेब टाक पुसत बसले होते. या सहा महिन्यांत त्यांचं मनगट माणसासारखं झालं होतं.

“सायबा, ता भाजयेचा काढून टाक. जनावर म्हणान लिव.”

साहेबांनी टाक खाली ठेवला. “काकी, प्राणी लिहिलं तर विचारतील, तुम्हाला चव कशी कळली? चवीचा रकाना मी भरलाय.”

“तो रकानो कित्याक भरलंस?”

“चांगली होती म्हणून,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला. “माझी नेमणूकच शाकाहारी म्हणून आहे, काकी. आणि पुण्याला आई सोवळ्यात असते. तिला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही.”

जानकी तशीच मागे फिरली. आईचं नाव निघालं की तिचं असंच व्हायचं. ती भाईंकडे गेली.

“भाई, तुमी सांगा सायबांका, ही जनावरां आसत म्हणान.”

भाई माळ मोजत होते. “जानके, माझ्या गळ्यात काय आसा ता बघ. ही जनावरां आसत, तर श्रावणभर मी काय खाल्लंय?”

“ता तुमकाच म्हायत.”

“माका काय्येक म्हायत नाय. सरकारान सांगल्यान भाजी, मी खाल्लंय भाजी. आता तू शाणी झालंस?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “भातशेती झाली की तुका खळ्यार कामाक घेतलंय म्हणून समज. वाकूची सवय तुका आसाच.”

नर्मदा तर दारातच म्हणाली, “माझो सोमवार बुडवतलंस काय गो? इतक्या उपासांचा पुण्य माझा, खाडीत घालू?”

उपसंचालक तळेऱ्याहून जीपने आले. भारदस्त गृहस्थ, कपाळाला गंध, आणि खात्याच्या धोरणाप्रमाणे कडक शाकाहारी. लसूणसुद्धा विचारून खात. परतीची घाई असल्याने भोजन आणि वाचन एकदमच उरकायचं ठरलं. जानकीच्या अंगणात पंगत बसली. एका टोकाला उपसंचालक, शेजारी अभ्यंकर साहेब, मग भाई, मग मानाप्रमाणे गाव. बायका ओसरीला टेकून उभ्या, आणि ज्यांना पान मिळालं नव्हतं ते अंगणाच्या कुडणाला, म्हणजे कुंपणाला, हात लावून वासावर उभे. जानकी वाढत होती. पहाटेची ओहोटी मोठी होती. खाडीने, आपली शेवटची पंगत आहे हे ठाऊक असल्यासारखं, सगळं दिलं होतं.

उपसंचालकांनी कंदाचा एक पाय हातात धरून न्याहाळला. “याला गाठी फार आहेत.”

“पेर असतात साहेब. उसासारखे,” गणपत म्हणाला.

“चोखायचे?”

“चोखायचेच, साहेब.”

त्यांनी चोखला. मग दुसरा चोखला. मग बराच वेळ ते शासकीय कामकाजासाठी उपलब्ध नव्हते. “वा!” ते अखेर म्हणाले. “अशी वस्तू मुंबईला मिळत नाही हे शेतीखात्याचं अपयश आहे. पेरणी कधी असते याची?”

“पेरावं लागत नाही, साहेब,” भाई अदबीने म्हणाले.

“खत?”

“भरती-ओहोटी.”

“आश्चर्य आहे! बाई, आणखी वाढा.” डाव्या हाताने त्यांनी कागद पुढे ओढला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “कांदळवाडीच्या खाडीचं सर्वेक्षण यथायोग्य पार पडलं.”

आता कुणी खड्या आवाजात, थांबत थांबत काही सांगू लागलं की आमच्या गावाला दुसरं काही सुचतच नाही.

“व्हय म्हाराजा!” पंगत म्हणाली.

उपसंचालक दचकले, मग सुखावले. “सदर खाडीत प्राणिजीवन आढळून आलं नाही.”

“व्हय म्हाराजा!” तोंडात कुर्ली असल्याने काहींचा होकार जरा ओला होता.

“विविध रुचकर वनस्पती मात्र विपुल आहेत.”

“व्हय म्हाराजा!”

“तरी सदर खाडी बांधून लागवडीखाली आणण्यास ग्रामस्थांची एकमुखाने संमती आहे.”

“व्हय म्हाराजा!” भाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. अभ्यंकर साहेबांचे ओठ हलले नाहीत. ते पानाच्या कडेला रचलेल्या शिंप्यांकडे बघत होते.

उपसंचालकांनी तांब्यातल्या पाण्याने बोटं ओली केली, गणपतने पुढे केलेला टाक घेतला, आणि सही करण्यापूर्वी टोपाकडे मान वळवून म्हणाले, “बाई, शेवटची एक पळी.”

जानकी पळी घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. पळीतून रस्सा ठिबकत होता. तिने अभ्यंकर साहेबांकडे पाहिलं. त्यांनी एकदाच मान वर केली आणि खाली घातली. नाही म्हणाले की हो, हे तिला समजलं नाही. मग तिने कुडणापलीकडे बघितलं. भरती चढत होती, बिळांवर पाणी येत होतं.

“नाय म्हाराजा,” ती म्हणाली.

गाऱ्हाण्यात ‘नाय’ असतं हे गावाला माहीतच नव्हतं. सवयीने अर्धी पंगत “व्हय” म्हणून गेली आणि मधेच अडकली.

“काय म्हणताहेत या बाई?” उपसंचालकांनी विचारलं.

सगळ्यांनी गणपतकडे पाहिलं. गणपतने तोंड उघडलं, टोपाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मराठी सुचली नाही.

“मीच सांगतंय,” जानकी म्हणाली. तिने पळी टोपात परत ठेवली. “ती भाजी न्हय, सायबानु. जनावरां ती. आज फाटेक जिती होती, माझ्या हाताक चावली. भाई, तुमी माळ घालून खाल्ल्यात. नर्मदे, तू सोमवारी खाल्लंस. माझ्या ह्या सायबान खाल्ल्यान, तेच्या पुण्याच्या आवशीन माका माफ करूचा. पोर उपाशी होता. मी रांदलंय, मी भाजी म्हणान इकलंय, मी बी खाल्लंय. आता तुमी खाल्ल्यात.” मग ती पंगतीच्याही पलीकडे बघत म्हणाली, जिथे पान न मिळालेले, हात न खरकटलेले, सगळं मजेत ऐकणारे सज्जन कुडणाला टेकून उभे होते :

“आणि ज्येनी हातूय लावूक नाय, लांब रवान नुसतो वास घेतल्यानी, तोंडाक पाणी सुटला तरी गप रवले… तेनी पण खाल्ल्यानी.”